पालटलेला खाका

दहावीला मी विज्ञानात नापास झालो होतो, दोनदा. आणि आज नांदेड-लातूरकडच्या कितीतरी शाळांत पोरं जी आवर्त सारणी बघून शिकतात, ती माझ्या हातची आहे. माझे डोळे बांधा, भिंतीपुढं उभं करा आणि कुठल्याही चौकोनावर माझं बोट ठेवा. तिथं धातू बसलाय का अधातू, ते मी सांगतो. त्याचं पुढं काय होतं, तो कशात विरघळतो, ते मला विचारू नका. ते मास्तरांचं काम. मी जागा सांगणारा माणूस.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती हे सगळं करून झालं. मग फ्लेक्स आला आणि आमच्या धंद्याचं कंबरडं मोडलं. जो माणूस माझ्याकडं आठ दिवस पाटीसाठी थांबायचा, तो तासाभरात छापून न्यायला लागला, तेही स्वतःच्या फोटोसकट. बरेच पेंटर घरं रंगवायला लागले, एकानं रसवंती टाकली. मला शाळांनी तारलं. शाळेची भिंत फ्लेक्सनं भागत नाही. पोरं फ्लेक्स ओरबाडतात, वारा फाडतो, बकऱ्या खातात. ऑइल पेंटला बकरी तोंड लावत नाही.

भारताचा नकाशा, बाराखडी, पचनसंस्था हे कोणीही काढतं. आवर्त सारणी काढायला मात्र पेंटर घाबरतात. अठरा उभ्या ओळी, सात आडव्या, खाली वेगळ्या ठेवलेल्या दोन लांब पट्ट्या, आणि प्रत्येक चौकोनात आकडा, चिन्ह, नाव. मी घाबरलो नाही, कारण मला त्यात रसायन दिसलंच नाही, रंग दिसले.

माझी पद्धत सांगतो. धातू निळे. डावीकडचा आणि मधला सगळा मुलूख त्यांचा, निम्म्याहून जास्त डबा निळाच लागतो. उजवीकडं वरच्या कोपऱ्यात अधातू, ते पिवळे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक ही मंडळी तिथं. अगदी शेवटची उभी ओळ राजवायूंची. ते कोणात मिसळत नाहीत म्हणे, म्हणून त्यांना गुलाबी. आता निळ्या आणि पिवळ्याच्या बांधावर जिन्यासारखी नागमोडी रेषा उतरते. त्या जिन्यावर धातुसदृश बसतात, थोडे धातूसारखे, थोडे अधातूसारखे. त्यांच्यासाठी मी नवा डबा फोडत नाही. उरलेला निळा आणि उरलेला पिवळा एकत्र करतो, हिरवा होतो. उमरीच्या एका मास्तरांनी हे पाहिलं आणि म्हणाले, दिगू, पुस्तकानं पानभर लिहून जे सांगितलं ते तू डब्यात कालवून दाखवलंस. हे वाक्य मी अजून लोकांना ऐकवतो.

राहिला हायड्रोजन. तो पिवळा, आणि बसतो मात्र डावीकडं, निळ्यांच्या डोक्यावर, घरजावयासारखा. दर शाळेत एक तरी शहाणा माणूस मला थांबवून म्हणतो, पेंटर, तुमचा एक चौकोन चुकला. मी म्हणतो, साहेब, पुस्तक बघा.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. अर्धापूरच्या एका संस्थेचे अध्यक्ष केळीचे मोठे बागायतदार. भिंत पूर्ण झाल्यावर बघायला आले आणि सोन्याचा चौकोन शोधत बसले. सोनं सहाव्या आडव्या ओळीत, पार मध्ये. त्यांना ते पटेना. कोळसा वर आणि सोनं खाली, हा कुठला न्याय, सोनं वर घ्या म्हणाले. मी समजावलं की अध्यक्षसाहेब, ही लग्नातली पंगत नाही, इथं मानानं बसवत नाहीत, आकड्यानं बसवतात. त्यांचा चेहरा काही खुलेना. शेवटी मी सोन्याच्या चौकोनाला देवळाच्या कळसाला लावतात तो सोनेरी रंग दिला. ते खूश झाले, आणि मग चांदीला रुपेरी द्यायचं राहिलं म्हणून परत बोलावलं.

मध्यंतरी शेवटच्या ओळीतल्या चार चौकोनांना पक्की नावं मिळाली, तेव्हा तर लई धावपळ झाली. ज्या भिंतींवर मी ते चौकोन कोरे ठेवले होते, त्या भिंतींसाठी शाळेशाळेतून बोलावणी आली. एसटीनं फिरलो, चार-चार नावं टाकून परत. बारशाला गेल्यासारखं वाटायचं.

इतकं सगळं मी छाती फुगवून सांगतो, कारण ते खरं आहे. पण या कामात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

माझी सारणीची ती दुसरीच भिंत होती. मुखेड तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. शाळेचा नवा वर्ग बांधला होता. बांधकाम आणि गिलावा दोन्ही केलं होतं गावातल्याच माणिक वाघमारे नावाच्या गवंड्यानं. असा गिलावा मी पुन्हा पाहिला नाही, हात फिरवला तर आरशावरून फिरवल्यागत. माणिकभाऊ ओळंबा लावून मला दाखवायचे, बघा पेंटर, केसभर फरक न्हाई. त्यांची पोरगी प्रज्ञा त्याच शाळेत नववीला होती. मी रंगवत असताना ती मधल्या सुट्टीत मागं येऊन उभी राहायची, पुस्तक हातात. बोलायची नाही फारशी.

आता खाका म्हणजे काय ते सांगायला हवं. दर वेळी शे-सव्वाशे चौकोन मोजून आखायचे म्हणजे कंबर जाते. म्हणून आम्ही खाकी कागदावर आकृती काढतो, रेषेवर सुईनं भोकं पाडतो, कागद भिंतीला लावतो आणि गेरूची पुरचुंडी त्याच्यावर थोपटतो. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ तयार. माझ्या खाक्याच्या तीन पट्ट्या होत्या. सगळ्यात वरच्या पट्टीत पहिल्या तीन आडव्या ओळी. त्या ओळींत मधे मोठी मोकळी जागा असते. डावीकडं दोन चौकोन, मग दहा चौकोनांची मोकळी जागा, मग उजवीकडं सहा. भिंतीला खिडकी असली की मी ती या मोकळ्या जागेत बसवायचो. जणू सारणी करणाऱ्यानं खिडकीसाठीच जागा सोडलीय.

त्या भिंतीला उंच खिडकी होती, पण उजवीकडं सरकलेली. पट्टी लावली तर उजवीकडचे चौकोन खिडकीत जायला लागले. भिंत आखूड, सरकवायला जागा नाही. मग मी पट्टी पालटली. आमच्यात खाका पालटणं ही रोजची गोष्ट. कमानीवर वेल काढायची तर अर्धीच वेल टोचतो, एका बाजूला सुलट थोपटतो, दुसऱ्या बाजूला उलट. वेल कधी तक्रार करत नाही. पालटल्यावर सहा चौकोन डावीकडं आले, दोन उजवीकडं, आणि खिडकी मधे चपखल बसली. मी स्वतःवरच खूश झालो. मग पुस्तकातून आकडे ओळीनं भरत गेलो, तीन, चार, पाच, सहा. एकही आकडा चुकला नाही.

आकडे बरोबर, आणि जागा चुकल्या. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, जे उजव्या कोपऱ्यात बसायला हवेत, ते डावीकडं धातूंच्या डोक्यावर जाऊन बसले. जिना तुटला. पिवळा रंग दोन्हीकडं सांडल्यासारखा दिसायला लागला. मला ते थोडं खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, खिडकीमुळं तसं दिसत असंल.

हेडमास्तर तपासायला आले. सुरुवातीच्या दोन उभ्या ओळी बघितल्या, शेवटच्या दोन बघितल्या. या चार ओळी माझ्या पालटलेल्या खाक्यातही बरोबरच येतात. शाबास म्हणाले. मी कोपऱ्यात सही केली, दिगू पेंटर, नांदेड.

पाच-सहा महिन्यांनी त्याच शाळेत सुविचार लिहायला गेलो. शिपाई चहा घेऊन आला आणि हसत हसत सांगायला लागला, की पेंटर, तुमच्या भिंतीवरून लई तमाशा झाला. तपासणीला तालुक्याचे साहेब आले होते. त्यांनी नववीत विचारलं, अधातू कुठं असतात. प्रज्ञा उठली आणि म्हणाली, सर, उजवीकडं वरच्या बाजूला, पण या भिंतीवर ते डावीकडं गेलेत, भिंत चुकलीय. साहेबांपुढं हेडमास्तरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. साहेबांनाही नक्की सांगता येईना, ते घाईत होते, निघून गेले. मागं हेडमास्तरांनी पोरीला फैलावर घेतलं. छापील तक्ता बघून रंगवलेली भिंत चुकते आणि तू शहाणी? तालुक्याच्या विज्ञान स्पर्धेला तिचं नाव गेलं होतं, ते काढून टाकलं. बापाला बोलावून घेतलं. माणिकभाऊंना आकृतीतलं काय कळणार? त्यांनी सगळ्या वर्गापुढं तिला हेडमास्तरांची माफी मागायला लावली.

मी चहा तसाच ठेवला. वर्गात जाऊन पुस्तक उघडलं आणि चौकोन चौकोन ताडून बघितला. पाचव्या चौकोनालाच कळलं.

त्या क्षणी मी हेडमास्तरांच्या खोलीत जायला हवं होतं. वीस पावलं होती. पण माझी दुसरी भिंत, पुढं आणखी शाळांची बोलणी चाललेली. एकदा का दिगू पेंटर चुकीचं रंगवतो असं पसरलं, की संपलं. मी हेडमास्तरांना म्हणालो, सर, भिंतीला ओल धरलीय, रंग सुटायलाय, दिवाळीच्या सुट्टीत मी फुकट परत मारून देतो. ते म्हणाले, फुकट असंल तर माराच. सुट्टीत गेलो, सगळी सारणी सहीसकट पांढरी केली, चौकोन थोडे लहान धरून खिडकीच्या डावीकडून सुलट आखले आणि सगळे ज्याच्या त्याच्या जागी बसवले. जिना पुन्हा जोडला. शाळेत चिटपाखरू नव्हतं.

परत येताना एसटीत मला वाटत होतं, मी लई हुशारीनं निभावलं. भिंत सुधारली, नाव राहिलं, कुणाचं नुकसान नाही. त्यानंतर मी खाक्याच्या मागच्या बाजूला लाल फुल्या मारल्या आणि पुन्हा कधी पट्टी पालटली नाही.

मधे बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी लातूरहून फोन आला. एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या मॅडम. जिन्याच्या भिंतीवर सारणी हवी होती. लातूरला पोरं जिना चढतानासुद्धा पाठांतर करतात, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. गेलो. मॅडम तीस-बत्तिशीच्या, चष्मा, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी मी आखून घेतलं तेव्हा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या उभं राहण्यावरूनच मला काहीतरी आठवायला लागलं.

"काका, तुम्ही ओळखलं नाही मला. मी माणिक गवंड्याची प्रज्ञा."

ब्रश डब्यात ठेवला मी. त्याच मग सांगायला लागल्या, अगदी शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगून राहिल्या होत्या. स्पर्धा हुकली त्याचं वाईट दोन दिवस वाटलं. माफी मागितली त्याचंही दुःख गेलं. पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की दिवाळीची सुट्टी संपली की वरच्या वर्गाच्या विज्ञानाच्या सरांना भिंतीपुढं न्यायचं, पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवून दाखवायचं. शाळा उघडली, त्या सरांना घेऊन गेल्या, पुस्तक उघडलं. भिंत बरोबर होती. सगळे चौकोन जागच्या जागी. सर हसले. हेडमास्तरांनी परिपाठाला सगळ्या शाळेपुढं सांगितलं, की बघा, रंग तेवढा नवा दिलाय, भिंत पहिल्यापासून बरोबरच होती, आणि काही जणांना चांगल्या गोष्टीत खोट काढायची सवय असते.

"मला वाटायला लागलं, मलाच तसं दिसलं असेल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही, काका. अजूनही फळ्यावर काही लिहिलं की मी दोनदा पुस्तक बघते."

म्हणजे बघा. मी समजत होतो, मी चूक निस्तरली. मी तर पोरीचा पुरावा पुसला होता. चुकीची भिंत तशीच राहिली असती तर एक ना एक दिवस कुणीतरी ती पाहिलीच असती, आणि पोरगी खरी ठरली असती. मी तिला खोटी ठरवलं, तेही पदरचा रंग घालून. लाज वाटली मला स्वतःची, आणि ती अजून वाटते.

मी सांगितलं. खिडकी, पालटलेली पट्टी, शिपायाचा चहा, ओल धरल्याची थाप, सगळं. त्या पायरीवर बसल्या. पोरं बाजूनं जिना चढत-उतरत होती.

"म्हणजे चुकलेलीच होती ती."

"हाव," मी म्हणालो. "तुम्ही म्हणलात तशीच. डावीकडं गेले होते."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं, आता बोलतील चार शब्द, बोलायलाच पाहिजेत. त्या एवढंच म्हणाल्या, "हे माझ्या बाबांना सांगाल?"

लातूरचं काम संपवून मी मुखेडची एसटी धरली. माणिकभाऊ आता थकलेत, थापी-ओळंबा खुंटीला टांगलेला. अंगणात बाजेवर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "मी तिला म्हणलं होतं, भिंत मी सोता उभी केली, ती कशी चुकंल?" मग चपला शोधायला लागले.

शाळेत आता नवे हेडमास्तर आहेत. त्यांना मी म्हणालो, सर, या भिंतीखाली मला दोन ओळी लिहायच्यात, आणि त्या माझ्या चुकीच्या आहेत, शाळेच्या नाहीत. आधी ते का-कू करत होते. माणिकभाऊंकडं बघितलं आणि हो म्हणाले.

गिलावा अजून तसाच होता, केसभर तडा नाही. मी सुताची दोरी मारली आणि सारणीच्या खाली काळ्या अक्षरात लिहिलं, की ही सारणी मी आधी चुकीची रंगवली होती, ती चूक नववीतल्या प्रज्ञा माणिक वाघमारे हिनं सर्वांत आधी ओळखली आणि सांगितली, तिचं बरोबर होतं. त्याच्या खाली नव्यानं सही केली. माणिकभाऊ माझ्या मागं उभे राहून अक्षर अक्षर लावत वाचत होते. मधली सुट्टी झाली, पोरं जमली, तीही मोठ्यानं वाचायला लागली. नावापाशी आल्यावर माणिकभाऊ थांबले. पुढं सरकले. भिंतीला हात लावणार होते, पण रंग ओला म्हणून हात तसाच धरला.

"पेंटर," ते म्हणाले, "तिचं नाव जरा मोठं काढता येतंय का?"

ओळ एकदम मापात बसली होती. नाव मोठं केलं तर माझ्या सहीला जागा उरत नव्हती. मी फडकं रॉकेलात बुडवलं, आधी माझी सही पुसली, मग तिचं नाव पुसलं आणि पुन्हा आखायला घेतलं.